९१ टक्के, आणि आकडा नसलेलं एक वाक्य

द्वारका चौकात सिग्नल लागला की निदान तीन-चार मिनिटं कुठे जात नाहीत. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांत घुसतात, त्यामुळे इकडेतिकडे बघत बसण्याशिवाय काम नसतं. परवा माझ्या एका बाजूला कांद्याच्या गोण्यांचा ट्रक होता, दुसऱ्या बाजूला भंगाराने भरलेला छोटा हत्ती आणि समोर एक्स-रे, सोनोग्राफीची पाटी. (सोनोग्राफीत किरणोत्सार नसतो, तो फक्त ध्वनी. पाटीवर मात्र दोघं कायम जोडीने असतात.) घरी आल्यावर मी कॅगचा तो जुना अहवाल पुन्हा उघडला. कारण त्या सिग्नलवर जे तीन नग माझ्या आजूबाजूला उभे होते, त्या तिघांचाही संबंध त्या अहवालाच्या विषयाशी आहे, आणि अहवाल बोलतो सगळ्यात मोठ्याने त्यातल्या एकाबद्दलच.

अहवाल कुठला ते सांगते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचा २०१२-१३ चा अहवाल क्रमांक ९. ऑगस्ट २०१२ मध्ये तो संसदेत मांडला गेला. विषय होता अणुऊर्जा नियामक मंडळाचं कामकाज. तुम्ही पेटची तयारी करत असाल, संशोधनाचा आराखडा लिहीत असाल आणि विषय किरणोत्साराच्या जवळपासचा असेल, तर साहित्य आढाव्यात हा अहवाल कधी ना कधी येणारच. आणि बहुतेक वेळा तो एकाच आकड्यापुरता येतो: ९१ टक्के. माझ्याही पहिल्या मसुद्यात तो तसाच आला होता. मार्गदर्शकांनी शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढून परत दिला. त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर म्हणजे ही पोस्ट, असं समजा.

आधी मंडळाबद्दल थोडं. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली. नाव ऐकलं की आपल्याला तारापूर, कैगा आठवतं. पण अणुभट्ट्या देशात मोजक्या आहेत. मंडळाची बाकीची गिऱ्हाइकं बघा: दवाखान्यातलं एक्स-रे यंत्र, सीटी स्कॅन, कर्करोगावरचं कोबाल्टचं यंत्र, कारखान्यात वेल्डिंगचा सांधा तपासणारा इरिडियमचा कॅमेरा, कागद गिरणीत किंवा सिमेंट कारखान्यात जाडी आणि पातळी मोजणारी गेज, मसाले आणि कांदे विकिरणित करणारी केंद्रं, आणि आपल्यासारख्यांच्या प्रयोगशाळा. नाशिक जिल्ह्यात अणुभट्टी नाही. पण यातल्या बहुतेक गोष्टी असतील.

आता तो आकडा. देशात ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रं चालू होती, त्यातली ५,२७० मंडळाकडे नोंदलेली. उरलेली ५२,१७३ परवान्याशिवाय. म्हणजे ९१ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक राज्यात किरणोत्सार सुरक्षा संचालनालय उभारायला सांगितलं होतं. जुलै २०१२ पर्यंत ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये झालं होतं. वर्तमानपत्रांनी हे सगळं उचललं आणि योग्यच केलं. आपल्या राज्याचं नाव त्या दोनांत नाही, हेही लक्षात घ्या.

पण आकडा वाचताना एक प्रश्न विचारायचा असतो, तो मी विचारला नव्हता. या आकड्यात मोजलेली वस्तू कुठली? एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतोच. नळीत विजेच्या दाबाने इलेक्ट्रॉन धावतात, लक्ष्यावर आदळतात, क्ष-किरण निघतात. प्लग काढला की सगळं शून्य. उद्या ते यंत्र भंगारात गेलं, भंगारवाल्याने घणाने फोडलं, तरी त्यातून क्ष-किरण निघणार नाहीत. कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ चं तसं नाही. त्याला बटण नसतं. ते यंत्रात असो, गोदामात असो, छोट्या हत्तीत असो, त्याचं काम चालूच.

गैरसमज नको. एक्स-रे क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. हजारो लोकांना रोज गरजेपेक्षा थोडा जास्त डोस मिळणं, भिंतीला शिशाचा पत्रा नसणं, शेजारच्या बाकावर गरोदर बाई बसलेली असणं, हा सार्वजनिक आरोग्याचा खरा प्रश्न आहे. पण तो वेगळ्या जातीचा प्रश्न आहे. तिथे धोका पसरट आणि सौम्य. स्रोताच्या बाबतीत तो एका ठिकाणी एकवटलेला आणि जीवघेणा. एका अहवालात, एकाच 'परवाना नाही' या सदराखाली दोन्ही आले की मोठा आकडा बोलतो आणि लहान आकडा गप्प बसतो. औद्योगिक रेडिओग्राफी आणि किरणोपचार केंद्रांच्या तपासण्यांत सुमारे ८५ टक्के तूट होती, हेही त्याच अहवालात आहे. त्या केंद्रांत खरे स्रोत असतात. ते वाक्य मला कुणाच्या आढाव्यात सापडलं नाही.

आणि त्याहून गप्प असलेलं एक वाक्य आहे, ज्यात आकडाच नाही. आशय असा: वापरून झालेले किरणोत्सारी स्रोत खरोखर सुरक्षितपणे विल्हेवाटीला गेले की नाही, हे पडताळण्याची योग्य यंत्रणा मंडळाकडे नाही.

माझ्या मते अख्ख्या अहवालात वजनदार वाक्य हेच. टक्केवारी नाही म्हणून ते ठळक छापलं गेलं नाही, एवढंच. पण टक्केवारी का नाही, याचा विचार करा. किती स्रोत दिले आणि किती परत आले, हे माहीत असेल तर वजाबाकी तुम्ही-आम्हीही करू. वजाबाकी करता येत नाही, हाच तर त्या वाक्याचा अर्थ आहे.

या वजाबाकीत काय सुटतं ते दिल्लीत दोन वर्षं आधीच दिसलं होतं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेला एक गॅमासेल होता. १९७० च्या आसपासची खरेदी. आत कोबाल्ट-६० च्या कांड्या, मध्ये नमुना ठेवायची पोकळी, भोवती शिशाचं जाड कवच. तो वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले, यंत्र वर्षानुवर्षं पडून राहिलं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव केला. मायापुरीच्या भंगार बाजारात शिसं काढायला ते फोडलं गेलं. शिशाला भाव असतो ना. म्हणजे जे कवच लोकांना वाचवण्यासाठी होतं, त्याच्याच किमतीपायी ते फुटलं. एकाने तर कोबाल्टचा तुकडा पाकिटात घालून ठेवला होता. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडली, त्वचा काळी पडली, केस गेले, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. त्याच महिन्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय मापदंडावर ही घटना चौथ्या पातळीची धरली गेली.

इथे एक छोटं गणित करून बघा, कागद-पेन्सिलने. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. चाळीस वर्षांत साधारण साडेसात अर्धायुष्यं होतात. म्हणजे मूळ क्रियाशीलतेचा जवळपास दोनशेवा हिस्सा उरला. एम.एस्सी.ला आपण हे गणित दहा वेळा सोडवतो आणि उत्तर आलं की मनात म्हणतो, चला, संपलं. दोनशेवा हिस्सा माणूस मारायला पुरला.

आता कॅगच्या पद्धतीकडे या. हिशेबतपासनीस फाइल तपासतो. परवान्याची फाइल आहे का, नूतनीकरण झालं का, तपासणीची नोंद आहे का. मंडळाच्या कपाटात जे आहे आणि जे असायला हवं होतं, त्यातला फरक तो मोजतो, आणि ते काम या अहवालाने चोख केलं आहे. पण दिल्लीतला गॅमासेल आला तेव्हा मंडळच जन्माला आलं नव्हतं. ज्याची फाइल कधी उघडलीच नाही, त्याची फाइल हरवली असं कोण म्हणणार? फाइलींवरून केलेल्या अभ्यासाला हा आंधळा कोपरा असतोच. माझी अहवालावरची तक्रार इतकीच की त्याने हा कोपरा आपल्या पद्धतीची मर्यादा म्हणून पुरेसा ठळक करायला हवा होता. तुमच्या प्रबंधात 'संशोधनाच्या मर्यादा' नावाचा भाग असतो, तिथे आपण सगळे नमुन्याचा आकार लहान होता असं लिहून मोकळे होतो. खरी मर्यादा म्हणजे तुमच्या पद्धतीला जे दिसूच शकत नाही, ते.

मायापुरी हा काही एकटा प्रकार नव्हे. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ मध्ये हेच झालं. कर्करोगाचा दवाखाना दुसरीकडे गेला, सीझियमचं यंत्र जुन्या इमारतीत तसंच राहिलं, भंगार गोळा करणाऱ्यांनी नेलं. चार जण गेले, २४९ जणांवर किरणोत्सारी द्रव्याचे अंश सापडले, आणि एक लाख बारा हजार लोकांना तपासावं लागलं. महाराष्ट्राचं उदाहरण हवं असेल तर ऑक्टोबर २००८ मधलं घ्या. फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. ती बनवणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना जास्तीचा डोस मिळाला होता. पोलाद भारतातून गेलेलं. माग काढत काढत गाडी खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आली. कुठलातरी स्रोत भंगारातून भट्टीत गेला आणि बटण होऊन परदेशी निघाला. तो स्रोत मुळात कुणाचा, कुठल्या देशातला, हे पोलादावर थोडंच लिहिलेलं असतं.

मग नियमन कुठे नीट चालतं? द्वारकेपासून साठेक किलोमीटरवर लासलगावला चालतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे २००२ मध्ये कांदा विकिरणाचं केंद्र उभारलं, कृषक त्याचं नाव. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांपुढून कांदा जातो, ६० ते ९० ग्रे एवढा डोस मिळतो आणि त्याला कोंब फुटत नाहीत. (कांदा किरणोत्सारी होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा त्याला पुरत नाही. लग्नाकार्यात हा प्रश्न मला दर वेळी येतो म्हणून इथेच उरकून घेते.) २००७ मध्ये आपला आंबा अमेरिकेला गेला तोही इथूनच विकिरणित होऊन.

लासलगावचा स्रोत गोयानिया-मायापुरीच्या तुलनेत कितीतरी मोठा. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत असली केंद्रं पहिल्या, सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. तरी माझी झोप त्याने उडत नाही. कारण सरकारी देखरेख आहे हे तर खरंच, पण मला वाटतं मुख्य कारण कांदा आहे. कोबाल्ट दर वर्षी सुमारे १२ टक्के मरतो. तो मरत गेला की तेवढाच डोस द्यायला कांदा जास्त वेळ आत ठेवावा लागतो, दिवसाला कमी गोण्या निघतात, आणि हिशेब नाही ठेवला तर चाळीत कोंब फुटतात. म्हणजे स्रोतात आज किती जीव उरलाय याची नोंद ठेवणं ही तिथल्या धंद्याचीच गरज आहे. विसरलं तर नुकसान ताबडतोब आणि स्वतःचं. दिल्लीच्या त्या विभागात विसरण्याचा खर्च शून्य होता. उलट आठवण ठेवली असती तर पत्रव्यवहार, परवानगी, विशेष वाहतूक, सगळा खर्च अंगावर. नियमनावरच्या लिखाणात सुरक्षासंस्कृती हा शब्द वारंवार भेटतो. मला त्यापेक्षा हा साधा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो: विसरलं तर कुणाचं बिघडतं?

या अंगाने बघितलं की मंडळाच्या स्वायत्ततेवरचा सगळा वाद मला थोडा बाजूला पडलेला वाटतो. मंडळ ज्या आयोगाला उत्तर देतं त्याचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव, हा आक्षेप कॅगने घेतला, नंतरही अनेकांनी घेतला. २०११ चं स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेबरोबर बुडालं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला, त्यात मंडळाला वैधानिक दर्जा आहे. हे महत्त्वाचंच. पण अणुभट्टीच्या बाबतीत ते जितकं महत्त्वाचं, तितकं विद्यापीठाच्या अडगळीतल्या शिशाच्या डब्याच्या बाबतीत नाही. तिथे मंडळाच्या डोक्यावर कोण बसलंय यापेक्षा मंडळाला हातपाय किती आहेत, हा प्रश्न आहे. १९६२ च्या कायद्यात गंभीर गुन्ह्यांना तुरुंगवास होता, पण त्याखालचे नियम मोडल्याबद्दलचा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. पाचशे. द्वारकेला सिग्नल तोडला तरी तेवढे जातात.

परवाने आता ऑनलाइन झालेत. ई-लोरा नावाच्या प्रणालीत स्रोताची मागणी, खरेदी, परत पाठवणं, सगळं नोंदवावं लागतं. २०१२ च्या मानाने ही मोठी सुधारणा आहे, आणि कॅगच्या अहवालाला त्याचं श्रेय थोडं तरी द्यायला हवं. पण ई-लोराला तेवढंच माहीत असतं जेवढं कुणीतरी टाइप केलंय.

हे मी इतक्या खात्रीने का म्हणते, त्याला कारण आहे. कॉलेजचं नाव सांगणार नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या विभागाची जागा बदलायची होती आणि सरांनी मला डेडस्टॉक रजिस्टर ताडून बघायला बसवलं. डेडस्टॉक रजिस्टर तुम्ही बघितलं नसेल तर एकदा बघा. अनुक्रमांक, खरेदीची तारीख, पुरवठादार, किंमत, शेरा. टेबल, खुर्ची, ऑसिलोस्कोप आणि किरणोत्सारी स्रोत, सगळ्यांना तेच रकाने. क्रियाशीलतेला रकाना नाही, अर्धायुष्याला नाही. शेवटचा शेरा ठरलेला: निर्लेखित. त्यानंतर लिलाव.

गायगर-म्युलरच्या प्रयोगासाठी आमच्याकडे बटणाएवढ्या चकत्या होत्या, शिशाच्या डब्यात. रजिस्टरमध्ये पाच. डब्यात सहा.

मी तीनदा मोजल्या. कमी भरल्या असत्या तर आरडाओरडा झाला असता. जास्त भरल्यावर काय करायचं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. सहाव्या चकतीवरचं लेबल घासून गेलेलं. प्रयोगशाळेचे मामा म्हणाले, ती मी लागलो तेव्हापासून आहे. मामांना लागून सत्तावीस वर्षं झाली होती. सोडियम आयोडाइडच्या शोधकापुढे धरली तर ६६२ केव्हीला शिखर आलं, म्हणजे सीझियम-१३७. अर्धायुष्य तीस वर्षं, त्यामुळे मामांच्या अख्ख्या नोकरीत ती जेमतेम निम्मी झाली होती. शिकवायच्या चकत्या मायक्रोक्युरीतल्या असतात, मायापुरीशी त्यांची तुलना करणं चूक आहे, आणि मी करत नाही. पण मायापुरीच्या गॅमासेलसारखी तीही कुठल्याच कागदावर नव्हती.

मी ती रजिस्टरमध्ये चढवायला घेतली. सर म्हणाले, "अगं, थांब. खरेदीची तारीख काय लिहिणार? किंमत? ऑडिटला विचारलं तर हे आलं कुठून म्हणून मीच उत्तर देत बसायचं." त्यांचं चुकत नव्हतं. नोंद केली असती तर प्रश्न त्यांना आला असता. नाही केली तर कुणालाच नाही. मग मी पेन्सिलने लिहिलं: अनुक्रमांक ६, सीझियम-१३७, तारीख नाही, किंमत नाही. सरांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत.

मागच्या महिन्यात ही पोस्ट लिहायला घेतल्यावर मामांना फोन केला. ते आता निवृत्त झालेत. विभाग नव्या इमारतीत गेला, रजिस्टरही नवं झालं, जुन्यावरून उतरवून काढलेलं. मी विचारलं, मामा, पेन्सिलची ओळ उतरवली का? ते म्हणाले, "पोरी, पाचच उतरवल्या असतील. पेन्सिलचं कोण धरतं?" डबा कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. सध्याच्या विभागप्रमुखांना मी पत्र पाठवलंय, शिखराचा आलेख जोडून.